परिचारिकांची पाठराखीण : रमाबाई रानडे

यंदाच्या वार्षिकांकासाठी प्रत्येकाने एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे आमच्या मराठीच्या सरांनी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी वर्गात सांगितले. छत्रपती शिवाजी महाराज, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, साने गुरुजी, बहिणाबाई चौधरी ही नावे पहिल्या पाच मिनिटांतच संपली. मी मागच्या बाकावर बसणारा. माझी पाळी येईपर्यंत फळ्यावर तीनच नावे उरली होती, आणि सरांनी माझ्या नावापुढे रमाबाई रानडे असे लिहून टाकले. खरे सांगायचे तर मी थोडा खट्टू झालो. रमाबाई म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी, आणि २०१२ साली मी पहिलीत असताना आमची आई रोज रात्री स्वयंपाक आटोपून जी मालिका पाहायची ती त्यांच्यावर होती, यापलीकडे मला काही ठाऊक नव्हते. पुण्याच्या वाड्यातल्या बाईंविषयी एरंडोल तालुक्यातल्या पोराने काय लिहावे, असा माझा प्रश्न होता.

सुट्टीत ग्रंथालयातून त्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक घरी नेले. पुस्तक १९१० सालचे, म्हणजे शंभर वर्षांहून जुने. पण भाषा अशी की आपल्या घरातली एखादी वडीलधारी बाई जवळ बसून सांगते आहे असे वाटावे. चाळता चाळता मध्येच धुळे हे नाव दिसले आणि मी थबकलो. या बाई आपल्या खानदेशात राहून गेल्या आहेत, हे मला कोणीच सांगितले नव्हते.

रमाबाईंचा जन्म १८६२ साली सातारा जिल्ह्यातील (आताच्या सांगली जिल्ह्यातील) देवराष्ट्रे या गावी झाला. माहेरचे नाव यमुना, आडनाव कुर्लेकर. त्या काळच्या रीतीप्रमाणे घरात मुलींना अक्षरओळख नव्हती. १८७३ च्या डिसेंबरात वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. नवरदेव एकतीस वर्षांचे, सरकारी नोकरीतले न्यायाधीश, आणि पहिली पत्नी वारून दोनतीन महिनेच झालेले. रानडे हे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. त्यांनी आता विधवेशीच लग्न करावे, अशी लोकांची अपेक्षा होती. परंतु वडिलांच्या हट्टापुढे त्यांचे काही चालले नाही, आणि त्यांच्यावर चहूकडून टीका झाली. मला ही टीका योग्यच वाटते. मात्र ज्या मुलीला या भांडणातले काहीच कळत नव्हते, तिला त्यांनी घरी आणल्याबरोबर शिकवायला आरंभ केला. आधी पाटीवर मराठी अक्षरे, पुढे शिकविण्यासाठी फीमेल ट्रेनिंग कॉलेजातील बाई, आणि मग इंग्रजी.

घरात सासवा, नणंदा, आत्या अशा पुष्कळ बायका होत्या आणि त्यांना हे मुळीच रुचले नाही. मराठी वाचण्यापर्यंत त्यांनी कसेबसे सोसले. इंग्रजी सुरू झाल्यावर मात्र बोलणे टाकणे, टोमणे मारणे, कामात चुका काढणे असा छळ सुरू झाला. पुढे पुण्यास मिस हर्फर्ड नावाच्या ख्रिस्ती बाई शिकविण्यास येऊ लागल्या, तेव्हा तर शिवाशिवीचाही प्रश्न उभा राहिला. रमाबाईंनी या बायकांना उलट उत्तर दिले नाही आणि नवऱ्याकडे चहाडीही केली नाही. त्या घरातले काम करीत, बोलणी खात आणि रात्री पुस्तक उघडीत. हे वाचताना मला एकदोनदा त्यांचा रागही आला. एवढे निमूटपणे सोसायचे कशाला, असे वाटले. परंतु पुढचे वाचल्यावर कळले की ज्या बायका त्यांना बोलत होत्या, त्यांच्याच घरांतून रमाबाईंना पुढे मुली बाहेर काढावयाच्या होत्या. घरातल्या बायकांना कशाची भीती वाटते, हे त्या लहानपणापासून जवळून पाहत होत्या.

आता धुळ्याविषयी. १८७९ च्या मे महिन्यात पुण्यातले बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा हे पेशव्यांचे दोन वाडे एका रात्रीत पेटले. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाची धामधूम चालू होती, आणि सरकारला पुण्यातल्या शिकल्यासवरलेल्या प्रत्येक माणसाचा संशय येत होता. रानडे तेव्हा नाशिकला होते. त्यांना तडकाफडकी धुळ्यास बदली केल्याचा हुकूम आला. त्या वेळी खानदेश हा एकच जिल्हा होता व धुळे हे त्याचे मुख्य ठिकाण. पूर्व आणि पश्चिम खानदेश अशी फाळणी १९०६ सालची. चाळीसगावहून धुळ्यास आगगाडी सुरू झाली तीही १९०० साली, त्यामुळे हे शहर तेव्हा चांगलेच आडबाजूला होते. बहुधा म्हणूनच ते निवडले असावे. तेथे रानड्यांची टपालाने येणारी पत्रे फोडलेली असत. बंडवाल्यांच्या नावाने लिहिलेली बनावट पत्रे त्यांना येत, आणि ती ते सरळ पोलिसांकडे पाठवून देत. पुढे वरिष्ठांची खात्री पटली आणि १८८१ च्या आरंभी ते मुंबईस गेले. रमाबाई त्या वेळी सतरा-अठरा वर्षांच्या होत्या, म्हणजे आज मी आहे त्याहून लहान. संशयिताची बायको म्हणून परक्या गावी राहायचे आणि घराबाहेर पाऊल टाकताना मान खाली घालायची नाही, हे त्या आमच्या धुळ्यात शिकल्या असतील काय? पुस्तकात असे कोठे लिहिलेले नाही. मला आपले वाटते.

मधल्या काळाचे मी थोडक्यात सांगतो, कारण ते बहुतेक पुस्तकांत आहे. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि आर्य महिला समाज निघाला. त्यात या रमाबाई जाऊ लागल्या, म्हणून घरात पुन्हा वादळ झाले. मुलींसाठी हायस्कूल काढावे, अशी विनंती करणारे इंग्रजी भाषण त्यांनी गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढे भर सभेत वाचले, आणि १८८४ साली पुण्यात हुजूरपागेची शाळा निघाली. १८९३ साली रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. मुंबईत रमाबाईंनी हिंदू स्त्रियांचा क्लब चालविला. त्यात भाषा, शिवणकाम यांबरोबर प्रथमोपचाराचेही वर्ग असत. १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती वारले. तेथेच रमाबाईंचे पुस्तक संपते.

हे मला फार चमत्कारिक वाटले. त्या वेळी त्या अडतीस-एकोणचाळीस वर्षांच्या होत्या. पुढे १९२४ पर्यंत त्या जगल्या, आणि ज्या कामासाठी त्यांचे नाव घ्यावे ते बहुतेक सर्व काम या तेवीस वर्षांतले आहे. त्याविषयी त्यांनी स्वतः पुस्तक लिहिले नाही. नवऱ्याचे चरित्र लिहून त्या थांबल्या आणि स्वतःचे चरित्र नुसते करीत राहिल्या. त्या तेवीस वर्षांची माहिती मी इतर पुस्तकांतून आणि आमच्या सरांनी दिलेल्या कात्रणांतून गोळा केली, आणि ती वाचताना मला आपलीच लाज वाटू लागली. ती का, हे सांगण्यासाठी थोडी घरची हकीकत सांगणे भाग आहे. वाचकांनी क्षमा करावी.

आमचे गाव जळगाव-धुळे रस्त्यापासून थोडे आत. शेती कोरडवाहू, पीक कपाशीचे. फाट्यावर उभे राहून पूर्वेकडची एस. टी. धरली की मी जळगावला कॉलेजात पोहोचतो. पश्चिमेकडची धरली की पारोळ्यावरून माझी अक्का धुळ्याला पोहोचते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली आम्ही दोनच माणसे, आणि त्यांतही अक्का पहिली. ती बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या वर्षी मी प्रथम वर्षात नवा होतो. मित्रांनी विचारले की बहीण काय करते, तेव्हा मी धुळ्याला मेडिकलला आहे असे सांगितले. ते समजले डॉक्टर होणार. मी दुरुस्ती केली नाही. दीड वर्ष झाले, अजून केली नव्हती.

गेल्या वैशाखात अमळनेरकडची मंडळी तिला पाहायला आली. मुलगी पसंत पडली, पोहे झाले, चहा झाला. मग त्यांच्यातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले की रात्रीची ड्यूटी करावी लागते काय, आणि पुरुषांच्या वॉर्डात कोणकोणती कामे करावी लागतात. सगळे गप्प झाले. आबा जमिनीकडे पाहत बसले. आत्याने घाईघाईने सांगितले की लग्नानंतर पोरगी हे सगळे सोडून देईल. मी रिकामे पेले गोळा करीत होतो. घरात तिच्या अभ्यासाविषयी सर्वांत जास्त कळणारा मीच. मला पुष्कळ बोलता आले असते. मी पेले घेऊन आत गेलो. आत अक्का दाराआड उभी होती, तिने सगळे ऐकले होते. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने ती धुळ्याला परत गेली. ते स्थळ पुढे आले नाही.

आता पुन्हा रमाबाईंकडे वळतो. पती वारल्यावर त्या पुण्याच्या वाड्यात परत आल्या आणि वर्षभर घराबाहेर पडल्या नाहीत. मग हळूहळू त्या येरवड्याच्या तुरुंगात स्त्री-कैद्यांना भेटायला जाऊ लागल्या. सुधारशाळेतल्या मुलांकडे जात. इस्पितळात जाऊन रोग्यांना फळे, फुले, पुस्तके देत. एवढे तर पुष्कळ श्रीमंत बाया करतात, असे कोणी म्हणेल. परंतु रोग्याच्या खाटेजवळ जो नियमाने जातो त्याला एक गोष्ट दिसल्यावाचून राहत नाही : भेट देणारा पंधरा मिनिटांत निघून जातो, नंतर त्या रोग्याला कूस बदलून कोण देते, पाणी कोण पाजते, त्याचे मलमूत्र कोण काढते? आणि पडद्यातली बाई आजारी पडली तर तिच्या अंगाला हात कोणी लावायचा?

१९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले. हिंदी स्त्रियांना सेवेचे, विशेषतः रुग्णसेवेचे शिक्षण द्यावे, ही त्यामागची मुख्य कल्पना. रमाबाई त्याच्या अध्यक्षा झाल्या. पुढच्याच वर्षी, १९०९ साली, पुणे सेवासदन सुरू झाले, आणि ते रमाबाईंच्या स्वतःच्या वाड्यात. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे या कामात त्यांचे उजवे हात होते. १९१५ साली संस्था स्वतंत्रपणे नोंदली गेली. तेथे शिवण, संगीत, मराठी-इंग्रजीचे वर्ग, शिक्षिकांचे ट्रेनिंग कॉलेज असे सर्व काही होते. परंतु जे कोणाला सुचूनही करवले नसते ते हे की, संस्थेने चांगल्या घरच्या म्हणविणाऱ्या बायका ससून रुग्णालयात परिचारिका होण्यासाठी पाठविल्या. काहींना सब-असिस्टंट सर्जनच्या अभ्यासालाही पाठविले. या सर्वांसाठी वसतिगृहे काढली.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. रमाबाई पहिल्या परिचारिका नव्हेत; त्या परिचारिकाच नव्हत्या. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १८९१ सालीच बाई काशीबाई गणपत या परिचर्येचे शिक्षण घेण्यास आल्याची नोंद परिचर्येच्या इतिहासात आहे. ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन मुली हे काम आधीपासून करीत होत्या. आणि कोणतेही शिक्षण न घेता सेवा करणाऱ्यांचे तर नावच घ्यायला नको. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी रोगी स्वतः उचलून मुलाच्या, डॉ. यशवंतांच्या, दवाखान्यात आणले आणि त्याच साथीत त्या गेल्या. सेवासदनात पहिल्यांदा आलेल्या बायका बहुतेक पुण्याच्या पांढरपेशा समाजातल्या होत्या, आमच्यासारख्यांच्या घरांपर्यंत ते पाणी यायला पुढे पुष्कळ वर्षे लागली, हेही खरे. तरीपण समाज ज्यांच्याकडे पाहून आपले बरे-वाईट ठरवीत होता, त्या घरांतले दार उघडणे हे काम कोणीतरी करायला हवे होते. रमाबाईंनी ते केले.

परिचर्येला लोक नाके का मुरडत? याची कारणे मी आमच्या गावावरून ताडली. आमच्या आजीच्या वेळी गावातली निम्मी पोरे एकाच सुईणीच्या हातावर जन्मली. तिच्यावाचून बाळंतपण होत नसे; पण बाळंतपण झाले की तिला चुलीपाशी येऊ देत नसत. तिचे लुगडे, तिचा पेला वेगळा. ज्या हातांनी पोर बाहेर काढले ते हात विटाळाचे. परिचारिकेच्या बाबतीत त्यात आणखी भर पडते : परका पुरुष, रात्रीची वेळ, आणि कामाचा पगार. घरातल्या आजाऱ्याचे सर्व काही करणारी सून सुलक्षणी ठरते. तेच काम ती परक्यासाठी पैसे घेऊन करू लागली की लोकांच्या भुवया वर जातात. हे फक्त आपल्याकडेच होते असेही नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा काढली, तोपर्यंत तिकडेही इस्पितळातली नर्स म्हणजे हलकी बाई, असाच समज होता.

रमाबाईंनी या समजाशी कसा सामना दिला? त्यांनी फार भाषणे केली असे दिसत नाही. वसतिगृह हे त्यांचे मोठे साधन होते असे मला वाटते. तरुण विधवा, नवऱ्याने टाकलेल्या बायका, माहेरी नको झालेल्या मुली अशा त्या शिकणाऱ्या. त्या कोठे राहतात, कोणाबरोबर जातात, कोणाच्या हातचे जेवतात, हे लोक विचारणारच. न्यायमूर्तींच्या पत्नीने चालविलेल्या संस्थेत राहतात, हे त्याचे उत्तर होते. आपल्याकडे लग्न झालेली मुलगी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा तिच्याबरोबर पाठराखीण जाते. तिने तेथे काही करायचे नसते. नुसते सोबत राहायचे, म्हणजे पोरीला परके वाटत नाही आणि सासरच्यांनाही समजते की हिच्यामागे माणूस आहे. रमाबाई या मुलींच्या पाठराखीण झाल्या. आषाढी-कार्तिकीच्या यात्रेला सेवासदनाच्या बायका घेऊन त्या आळंदीला जात आणि वारकरी बायांची सेवा करीत. तीही मला याच युक्तीचा भाग वाटते. देवाच्या दारी जे पुण्य, ते ससूनमध्ये पाप कसे होईल, असे कोणाला विचारण्याची मग गरजच राहत नाही.

पण एक प्रसंग असा आहे की तेथे त्या गप्प बसल्या नाहीत. सेवासदनाचा वार्षिक समारंभ होता, बक्षिसे वाटली जात होती. एक तरुण विधवा, केस काढलेली, आलवण नेसलेली, बक्षीस घ्यायला पुढे आली. प्रेक्षकांत बसलेल्या विद्यार्थ्यांनी तिला पाहून हुल्लड केली, हसले. समारंभाच्या शेवटी रमाबाई बोलायला उठल्या आणि त्यांनी या तरुणांना सर्वांसमक्ष खडसावले. तुम्ही स्वतःला सुशिक्षित म्हणविता आणि एका दुर्दैवी बहिणीला हसता. तुमच्यांपैकी किती जणांच्या घरी अशी आई, अशी बहीण नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सभा चिडीचूप झाली असणार. ज्या बाईने सासूनणंदांना जन्मात उलट उत्तर दिले नाही ती येथे बोलली, आणि बोलली ती शिकलेल्या पोरांना. अडाणी बायकांचे बोलणे त्यांनी सोसले; शिकलेल्यांचे हसणे सोसले नाही. हा फरक त्यांनी जाणून केला होता.

हा उतारा मी घरी ओट्यावर बसून वाचला. मला त्या सभेत मी कोठे बसलो होतो ते दिसले. मी हसलो नव्हतो, हे खरे; पेले घेऊन आत गेलो होतो.

त्या दिवसापासून मी अक्काच्या वह्या नीट पाहू लागलो. पूर्वीही पाहत होतो, पण चित्रे पाहण्यासाठी. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, आहारशास्त्र, मानसशास्त्र, परिचर्येची मूलतत्त्वे. समाजशास्त्र तर मलाही आहे, आणि तिचे टिपण माझ्यापेक्षा चांगले आहे. चार वर्षांचा अभ्यासक्रम, आठ सत्रे. आधी प्रयोगशाळेत पुतळ्यावर शिकायचे, मग वॉर्डात माणसावर. रोगी खाटेवर पडलेला असताना त्याला न उठवता चादर बदलायची, हा एक स्वतंत्र धडा आहे. रोग्याला एका कुशीवर वळवायचे, जुनी चादर त्याच्या पाठीपर्यंत गुंडाळीत न्यायची, नवी तिच्यामागून उलगडीत आणायची, मग त्याला दुसऱ्या कुशीवर घ्यायचे. घडीची सुरकुती पाठीखाली राहता कामा नये, कारण तेथूनच कातडी लाल होते आणि पाठीला फोड येऊन जखम होते. नाडी, श्वास, ताप, रक्तदाब यांची नोंद ठरल्या वेळी झालीच पाहिजे. औषध देताना रोगी बरोबर आहे काय, औषध बरोबर आहे काय, मात्रा, वेळ आणि मार्ग बरोबर आहे काय, हे दर वेळी नव्याने पाहायचे. एकेका रोग्याचा अभ्यास करून त्याच्या शुश्रूषेची योजना लिहून काढायची, आणि शिकविणाऱ्या मॅडमची सही घ्यायची. खेड्यात घरोघर जाऊन माहिती घ्यायची. बाळंतपणाच्या खोलीत नेमून दिलेल्या संख्येइतकी बाळंतपणे स्वतः करायची. परीक्षेच्या दिवसांतही ड्यूटी सुटत नाही. मी बी. ए. चा विद्यार्थी, माझ्या अभ्यासात मी चुकलो तर दोन गुण जातात. तिच्या अभ्यासात चूक झाली तर काय जाते, हे मी तिला विचारले नाही.

रमाबाईंचे पुढचे आयुष्य धावपळीचे गेले. पुण्यात मुलींचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे व्हावे म्हणून त्यांनी बायकांच्या सभा घेतल्या, स्त्रियांना मताचा हक्क मिळावा म्हणून १९२१-२२ च्या सुमारास चळवळ केली. १९१३ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. धुळ्यात ज्यांची पत्रे फोडली जात होती त्यांच्याच पत्नीला हे पदक मिळाले, ही एक गंमतच. १९२४ साली त्या वारल्या, तेव्हा सेवासदनात हजाराहून अधिक स्त्रिया शिकत होत्या. संस्था पुण्यात आजही आहे. १९६२ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढले. स्वतःला मूलबाळ नव्हते.

हा लेख सरांकडे देण्याआधी मी अक्काला फोन करून वाचून दाखविला. घरची हकीकत आली तेव्हा ती काही बोलली नाही. मी विचारले की हा भाग काढून टाकू काय. ती म्हणाली की राहू दे, पण चादरीचे तू चुकीचे लिहिले आहेस. मी आधी चादर डोक्याकडून पायाकडे ओढून काढतात असे लिहिले होते. तिने सगळे पुन्हा समजावून सांगितले आणि मी वर लिहिले आहे ते तिने सांगितल्याप्रमाणे. मग तिने विचारले की वार्षिकांक किती जण वाचतात. मी सांगितले की आमच्या वर्गातले तरी सगळे वाचतात, कारण प्रत्येकाला आपला लेख आला आहे की नाही ते पाहायचे असते. यावर ती हसली. तिला जेवून घ्यायचे होते. या आठवड्यात तिची रात्रपाळी आहे, पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात.